मरियामातेचा शेला आणि निळीची पुडी

आमच्या बालपणी वसईकडील आमच्या घरी शनिवार हा धुण्याचा वार असे. दुसऱ्या दिवशी सर्वांनी पवित्र मिस्सेस जावयाचे, म्हणून पांढरी वस्त्रे तेवढी वेगळी काढून आई ती विहिरीवर नेई. धुऊन, पिळून झाली म्हणजे शेवटच्या पाण्यात निळीची पुडी फडक्यात बांधून ती दोन वेळा बुडवी, आणि पाहता पाहता बादलीत आकाश उतरे. त्या पाण्यात हात घालण्याची आम्हां भावंडांस मनाई होती. नीळ थोडी अधिक झाली तर सदऱ्यावर डाग पडतात, कमी झाली तर कापड पिवळट राहते, असा तिचा हिशेब असे, आणि तो बहुधा चुकत नसे. नाताळ जवळ आला म्हणजे हीच नीळ चिमूटभर चुन्यात पडे व ओटीच्या भिंती उजळ होत. गव्हाणीमागे आम्ही जे आकाश उभारीत असू, त्याच्या कागदासही हीच नीळ फासलेली असे.

घरातील वेदीवर मरियामातेची तस्बीर होती. तिचा शेला निळा. रात्री जपमाळेच्या वेळी आमचे डोळे पेंगत तेव्हा तो शेला तेवढा समईच्या उजेडात दिसत राही. परंतु त्या शेल्याचा आणि विहिरीवरच्या बादलीचा काही संबंध असेल, हे आमच्या मनात कधी आले नाही. एक स्वर्गातील निळा, दुसरा धुण्यातील.

पुढे आम्ही सेमिनरीत गेलो. तेथे पूजावस्त्रांचे रंग आम्हांस शिकविण्यात आले. पांढरा, तांबडा, हिरवा, जांभळा, काळा आणि वर्षातून दोन रविवारी चालणारा गुलाबी. निळा त्यांत नाही! स्पेन देशास निष्कलंक गर्भसंभवाच्या सणासाठी निळ्या वस्त्रांची खास परवानगी एकोणिसाव्या शतकात मिळाली, असे मोजके अपवाद काय ते. आम्हांस याचे नवल वाटले. जो रंग डोळे मिटले तरी मरियामातेच्या नावासरशी दिसतो, तो वेदीपाशी नाहीच? मग तो आमच्या भक्तीत आला कोठून?

तो आला चित्रकारांच्या हातून. अफगाणिस्तानात बदख्शान म्हणून डोंगराळ मुलूख आहे. तेथील खाणींतून लाजवर्द नावाचा निळा दगड हजारो वर्षे निघत आला आहे. तो दगड कुटावयाचा, मेण व राळ यांच्या गोळ्यात मळावयाचा, आणि तो गोळा राखेच्या खाऱ्या पाण्यात दाबून दाबून त्यातील निळा कण तेवढा वेगळा करावयाचा. शेरभर दगडातून मूठभर रंग निघावा, एवढा हा उद्योग. हा माल समुद्र ओलांडून युरोपात जाई, म्हणून त्याचे नावच ‘अल्ट्रामरीन’, म्हणजे समुद्रापलीकडचा, असे पडले. चित्रकाराच्या पेटीत सोन्याच्या तोडीस तोड किमतीचा असा हाच एक रंग होता. त्यामुळे चित्र सांगणारा गिऱ्हाईक करारातच लिहून घेई, की निळा अमुक प्रतीचा वापरला पाहिजे.

असा एक करार प्रसिद्ध आहे. इटलीतील फ्लॉरेन्स शहरी टाकून दिलेल्या बालकांचा एक अनाथाश्रम होता. तेथील प्रमुख धर्मगुरूने १४८५ साली घिर्लांदायो नावाच्या चित्रकारास तीन राजांच्या भेटीचे चित्र सांगितले, आणि करारात घातले की निळा रंग औंसास सुमारे चार फ्लोरिन किमतीचा असावा. फ्लोरिन हे सोन्याचे नाणे. अनाथांच्या वेदीवर हलका माल खपवावयाचा नाही, असे त्या धर्मगुरूच्या मनात असावे, असे आम्हांस वाटते. निदान आम्ही त्याचा अर्थ तसा लावतो. दुसरे कोणी म्हणेल की हा नुसता व्यापाऱ्यांच्या गावचा हिशेबीपणा होता.

तेव्हा मरियामातेचा शेला निळा का, याचे प्रवचनातील उत्तर ‘निळा हा स्वर्गाचा रंग आहे म्हणून’ असे असले, आणि आम्हीही ते अनेकदा दिले असले, तरी चित्रकाराचे उत्तर अधिक साधे आहे. पेटीतील सर्वांत मोलाचे जे होते ते त्याने तिला दिले.

आता गंमत पहा. १८२४ साली फ्रान्समधील एका संस्थेने सहा हजार फ्रँकचे बक्षीस लावले. जो कोणी हा रंग कारखान्यात बनवील, आणि ज्याचा रंग किलोस तीनशे फ्रँकहून महाग पडणार नाही, त्यास ते मिळावयाचे होते. चार वर्षांनी गिमे नावाच्या गृहस्थाने ते पटकावले. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून त्याने तोच निळा सिद्ध केला. पाहता पाहता रंग स्वस्त झाला आणि जगभरच्या धुण्याच्या बादलीत जाऊन पोहोचला. आमच्या आईच्या फडक्यातील निळीची भुकटी ही तीच. (आज बाटलीतून मिळते ती पातळ नीळ निराळ्या रंगाची असते.) कापडावर चढणारा पिवळटपणा निळ्याने मारला जातो, म्हणून पांढरे अधिक पांढरे दिसते, एवढेच तिचे रहस्य. म्हणजे जपमाळेच्या वेळी आम्ही ज्या शेल्याकडे पाहत असू, आणि ज्या बादलीत हात घालण्याची आम्हांस बंदी होती, ती दोन्ही मुळात एकाच रंगाची लेकरे होती. हे आम्हांस कळले तेव्हा आमचे वय चाळिशीपलीकडे गेले होते. आणि सांगितले ते एका विशीतल्या पोराने.

आमची नेमणूक बडोद्यास झाल्यापासून मांजलपूर हा भाग आमच्याकडे आहे. पूर्वी गाव होते, आता शहराने पोटात घेतले आहे. पलीकडील मकरपुऱ्याच्या कारखान्यांत कामास आलेली अनेक कुटुंबे येथे राहतात. त्यांतील मराठी बोलणारी आमची माणसे महिन्यातून एकदा एका लहानशा दालनात जपमाळेस जमतात. गुजरातीत मिस्सा ऐकून ऐकून त्यांचे कान मराठीस आसुसलेले असतात. त्यांत एक कुटुंब नगर जिल्ह्यातील, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात. त्या घरचा मुलगा येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकतो. १९५० साली सुरू झालेल्या या कलाशाखेचे नाव सर्वत्र आहे. आमचे मराठी चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे तेथे पुष्कळ वर्षे शिकवीत होते.

दालनाच्या भिंतीवर मरियामातेचे चित्र काढावे, असे आम्हीच त्यास सुचविले. ८ सप्टेंबरला तिचा जन्मोत्सव, त्याआधी ते पुरे व्हावयाचे. रंगास किती पैसे लागतील असे विचारता तो म्हणाला, “फादर, पंचवीस-तीस निळीच्या पुड्या आणा, बाकी चुना आणि काव मी पाहतो.” आम्हांस वाटले, पोरगा थट्टा करतो. तेव्हा त्याने लाजवर्दाची ती सारी हकीकत सांगितली. आणि वर हेही, की हा निळा चुन्यात टिकतो, दुसरे कित्येक निळे चुन्याने मरतात. आम्हांस धर्मशास्त्राची पदवी आहे. त्या दिवशी तिचा फारसा उपयोग झाला नाही.

चित्र झाले. मरिया धुण्याच्या दगडापाशी बसली आहे, शेजारी बाळ येशू पाण्यात हात घालतो आहे. तिचा वर्ण काळासावळा, आणि अंगावर जाडेभरडे लुगडे. त्याचा निळा गडद, जवळजवळ काळ्याकडे झुकणारा, घामाने व पाण्याने जड झाल्यासारखा. आम्ही पाहत राहिलो. खोटे कशास बोला, आम्हांस ते आवडले.

परंतु दोन दिवसांनी आमच्या समितीतील काही मंडळी आली. चांगली, धर्मकार्यास पुढे असणारी माणसे. त्यांनी लुर्दचा दाखला दिला. १८५८ साली बर्नादेतला दर्शन झाले तेव्हा मातेची वस्त्रे पांढरी आणि कंबरेचा पट्टा तेवढा निळा होता. आपला निळा तो असा हलका, आकाशी असावा. येथवर ठीक होते. मग एकाने आवाज खाली आणला. “फादर, हा झेंड्याचा निळा दिसतो. बाहेरचे लोक आपल्याला काय समजतील?”

कोणता झेंडा हे त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसास ते विचारावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापले, त्याचा ध्वज निळा होता. तेव्हापासून तो रंग त्यांच्या अनुयायांचा झाला. आमच्या मंडळींस भय वाटले ते चित्राचे नव्हते. आपण कोठून आलो हे कोणी ओळखील, किंवा आपण जेथून आलो नाही तेथले समजेल, याचे ते भय होते.

यावर आम्ही काय करावयास हवे होते ते सुज्ञ वाचकांस सांगणे नको. आम्ही काय केले ते सांगतो. सणाच्या तोंडावर वाद नको म्हणून आम्ही त्या मुलास बोलावले आणि म्हटले, “बाळा, थोडा फिका कर.” त्याने आमच्याकडे एकदा पाहिले. “बरं, फादर,” एवढेच तो म्हणाला. रात्रीतून त्याने चुना मिसळून लुगडे आकाशी केले. सणाच्या दिवशी सर्वांनी वाहवा केली. त्याची आजी मात्र त्या दिवशी आली नव्हती. गुडघे दुखतात असा निरोप होता.

आंजेलो दा फोन्सेका हे नाव आमच्या जुन्या वाचकांस परके नसावे. १९०२ साली गोव्यात जन्मलेले हे चित्रकार शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्यापाशी शिकले. त्याच नंदबाबूंनी १९३९ ते १९४६ या काळात आमच्या बडोद्याच्या कीर्तिमंदिराच्या भिंती रंगविल्या. फोन्सेकांनी मरियामातेस साडी नेसवली. गोव्यातील आमच्याच लोकांस ते सोसले नाही. अखेर ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले, आणि १९६७ साली पुण्यातच वारले. त्यांची गोष्ट आम्ही तरुणांस अनेकदा सांगितली आहे, आणि ती सांगताना गोव्यातील त्या टीकाकारांवर आम्ही कडक बोलतो. असो.

सप्टेंबरच्या २३ तारखेस आम्ही धर्मशिक्षणाच्या मुलांस घेऊन सयाजीबागेतील संग्रहालयात गेलो होतो. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा भला थोरला सांगाडा तेथे आहे. निळ्या माशाची हाडे पांढरी कशी, हा एका चिमुरडीचा प्रश्न. त्याचे समाधान आमच्याने झाले नाही. बाहेर आलो तो बागेत माणसांची रीघ लागली होती. निळे झेंडे, निळे फेटे, निळ्या काठाच्या साड्या. जुन्या वडाकडे, ज्यास संकल्पभूमी म्हणतात, सारे चालले होते.

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्यास नोकरीवर आले, कारण सयाजीराव महाराजांनी त्यांस शिष्यवृत्ती दिली होती. अस्पृश्य म्हणून त्यांस बिऱ्हाड मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते नाव बदलून राहिले. जात उघड झाल्यावर लाठ्या घेऊन माणसे आली आणि संध्याकाळपर्यंत निघून जाण्याचा हुकूम झाला. बागेत येऊन ते बसले, रात्री नऊची मुंबईची गाडी गाठली. एवढे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींत आणखी एक गोष्ट आहे. बागेत येण्यापूर्वी ते आसरा मागण्यासाठी दोन मित्रांकडे गेले होते. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्राने आपली अडचण सांगितली. ख्रिस्ती मित्र म्हणाला, उद्या पत्नी येणार आहे, तिला विचारावे लागेल. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण. पत्नीला अस्पृश्य घरात चालला नसता, हे बाबासाहेबांस पुढे कळले. त्या ख्रिस्ती घरातून ते बाहेर पडले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. गाडीस पाच तास होते. त्यांतला बहुतेक वेळ त्यांनी या बागेत काढला.

आम्ही मुलांस हात धरून उभे होतो. ‘पत्नीला विचारावे लागेल.’ ‘थोडा फिका कर.’ या दोन वाक्यांत आम्हांस त्या वेळी फारसे अंतर दिसेना. दोन्ही सौम्य, दोन्ही सभ्य.

त्या रात्री आम्ही शास्त्र उघडले. गणनेच्या पंधराव्या अध्यायात परमेश्वराने इस्राएल लोकांस आज्ञा केली आहे, की वस्त्राच्या कोपऱ्यांस गोंडे लावा व प्रत्येक गोंड्यास निळा दोरा घाला. हा निळा समुद्रातील एका जातीच्या गोगलगाईपासून काढीत आणि तो फार महाग असे. राजाची व महायाजकाची वस्त्रे त्यात रंगत. पण आज्ञा एकाच दोऱ्याची, आणि ती सर्वांस. राजाचा निळा गुराख्याच्या अंगावरही दोराभर असलाच पाहिजे! नाझरेथच्या घरात तो दोरा कोणाच्या हाताने गोंड्यात पडत असेल ते आम्ही सांगावयास नको. आणि बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली, नियमशास्त्राप्रमाणे अशुद्ध ठरलेली, कोणी जवळ येऊ देत नव्हते अशी ती बाई गर्दीत मागून येऊन प्रभूच्या वस्त्रास जेथे शिवली, तो हाच गोंडा. ग्रीक बायबलात दोन्ही ठिकाणी गोंड्यास एकच शब्द आहे. सेमिनरीत हे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. आमच्या आया ही गोष्ट सांगताना ‘शिवली’ असेच म्हणत. ‘शिवू नकोस’ हेही त्याच भाषेतले. आमच्या वसईकडे विहिरीवर ते कोण कोणास म्हणत असे, हे आम्हांस आठवत नाही असे नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. तो विद्यापीठात गेला होता. आजी एकटीच, खाटेवर बसून पालेभाजी निवडत होती. आम्ही क्षमा मागितली. कशी मागितली ते येथे लिहीत नाही, फार चांगली मागता आली नाही. तिने हातातली जुडी बाजूस ठेवली.

“फादर, तो निळा माझ्या लुगड्याचा व्हता. आम्ही दोन-दोन दिवस दुसऱ्याच्या वावरात राबायचो, मळ दिसू नये म्हणून तसलं नेसायचो. पोरानं लहानपणी तेच बघितलं.” थोडे थांबून ती पुढे म्हणाली, “आन् झेंड्याचा असता तरी काय झालं असतं? माझ्या सासऱ्याला एकच भाऊ. सासरा फादरलोकांच्या शाळेत शिकून ख्रिस्ती झाला. चुलतसासरा छप्पन साली बाबासाहेबांच्या मागं गेला, बौद्ध झाला. एकाच्या दारावर क्रूस, दुसऱ्याच्या दारावर निळा झेंडा. गावची विहीर दोघांनाबी बंदच व्हती.”

तिने चहा केला. आम्ही तो घेतला. कपाची दांडी फुटलेली होती म्हणून ती दुसरा कप शोधू लागली, तर आम्ही म्हटले, आजी, राहू द्या.

संध्याकाळी मुलगा दालनात भेटला. लुगडे पूर्वीसारखे करता येईल का, असे आम्ही त्यास विचारले. त्याने भिंतीस हात लावून पाहिले. ओल अजून आहे, म्हणाला. दिवाळीनंतर भिंत कोरडी होईल, मग वरून दोन हात चढविता येतील. फिका केलेला चुना खाली राहील, त्यामुळे पहिल्याइतका गडद बहुधा येणार नाही. आम्ही निळीच्या पुड्या आणून ठेवण्याचे कबूल केले.

जाता जाता दारात थांबून त्याने विचारले, “समितीला सांगितलंत का, फादर?”

आम्ही सांगितले नव्हते. पुड्या आणल्या आहेत. हे लिहीत असता त्या आमच्या टेबलावरच आहेत. समितीची बैठक येत्या रविवारी मिस्सेनंतर भरावयाची आहे.